दुसरी खूण

साहेबांनी वर्कशॉपमध्ये सर्व्हर बसवायचं ठरवलं आणि त्याच आठवड्यात दोन इमारतींच्या लिफ्टचं काम आमच्या हातून गेलं. या दोन गोष्टी एकाच आठवड्यात व्हाव्यात, हे मला पहिल्या दिवसापासून खटकलं.

आम्ही सहा मिस्त्री. लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि ठीक चालताहेत ना ते पाहायचं, हे आमचं काम. वर्कशॉप एका उंच इमारतीच्या तळघरात. साहेबांनी सगळ्यांना लांब टेबलाभोवती उभं केलं आणि म्हणाले, "महिनाअखेर सहांतला एक कमी करायचा आहे. वरच्या ऑफिसचा हुकूम. कोण, ते मी ठरवणार नाही. यादी ठरवेल. ज्याच्या नावावर जास्त कामं अडकलेली दिसतील, तो."

"यादी म्हणजे कुठली यादी?" वकील म्हणाला. तो आमच्यासारखाच मिस्त्री, पण सुट्या स्क्रूंचं डबडं मागितलं तरी आधी तीन प्रश्न विचारतो, म्हणून वकील.

"कॉम्प्युटरवरची. फळा बंद. सगळ्यांची कामं तिथं दिसतील. झालेली किती, राहिलेली किती."

"आणि ती यादी बसवणार कोण?"

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "यांची सून."

पाचही जणांनी माझ्याकडे पाहिलं. मला काहीच ठाऊक नव्हतं, पण चेहरा असा करून उभा राहिलो की जणू सगळं माझ्याशी बोलूनच ठरलं आहे. माझा मेहुणा माझ्या शेजारी होता. तो हळूच म्हणाला, "दाजी, सांगितलं नाहीत ते?"

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. सून आमच्याकडे येऊन दीड वर्ष झालेलं. दुकानांना, दवाखान्यांना असल्या गोष्टी बसवून देणं हेच तिचं काम, त्यामुळे साहेबांनी तिला बोलावणं तसं नवल नव्हतं. नवल हे की घरात कोणाला पत्ता नाही.

"बाबा, काल रात्री नक्की झालं. आज सांगणारच होते," ती म्हणाली.

"साहेबांनी काय कबूल केलंय तुला?"

"हे नीट झालं तर बाकीच्या चार वर्कशॉपचं पण देतो म्हणाले."

"म्हणजे साहेब खूश राहायला हवेत."

"तिला जेवू द्या," माझी बायको म्हणाली. "चौकशी ताट उचलल्यावर करा."

मी ताटाकडे वळलो. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आमच्यातला एक जाणार होता, आणि कोण जाणार ते सांगणारी वस्तू माझ्याच घरातली मुलगी बसवणार होती. उद्या मेहुणा गेला तर लोक मला काय म्हणतील, हे मला त्या जेवणातच ऐकू येत होतं.

मेहुण्याचंच का मनात आलं, तर त्याचा हात सावकाश चालतो. बायकोचा हा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षांपूर्वी मीच त्याला या धंद्यात आणला. कुठलंही दार उघडायच्या आधी तो पान्याच्या दांड्यानं त्यावर टकटक करतो, आवाज ऐकतो, मान हलवतो, मग हात घालतो. वर्कशॉपमध्ये त्याचं नावच टकटक. दुसरा अर्ध्या तासात उरकेल त्याला टकटक तास घेणार, पण त्यानं केलेली लिफ्ट परत अडलेली मी पाहिलेली नाही. मुलगी शिकतेय, घरात कमावणारा एकटाच. या वयात त्याला दुसरीकडे कोणी उभं केलं नसतं.

आमच्याकडे फळ्याची एक रीत होती. काम फळ्यावर खडूनं लिहिलेलं. ज्यानं ते केलं त्यानं ओळीपुढे एक उभी रेघ मारायची. पण केलं म्हणजे झालं, असं आमच्यात नाही. लिफ्टमध्ये माणसं चढतात. जोडीतल्या दुसऱ्यानं जाऊन लिफ्ट दोनदा खालीवर न्यायची, दारं बघायची, ब्रेक बघायचा, आणि मग पहिल्या रेघेवर आडवी रेघ मारायची. आडवी पडली की ती ओळ त्यानंच पुसून टाकायची. मी मेहुण्याचं काम तपासायचो, तो माझं.

सोमवारी सून एक जुना कॉम्प्युटर घेऊन तळघरात उतरली. गार आणि कोरडी जागा हवी म्हणून तिनं सुट्या भागांच्या खोलीतलं मधलं फडताळ निवडलं. एका बाजूला ब्रेकचे पट्टे, दुसऱ्या बाजूला दाराचे रोलर, मध्ये हा डबा. मी तिथंच स्टुलावर बसून रोलर निवडायला घेतले. रोलर काही निवडायचे नव्हते.

तिनं आधी डब्याचं झाकण काढून आतली धूळ ब्रशनं झाडली. मग पडद्यावर काळ्या पाटीवर पांढऱ्या ओळी पळायला लागल्या. ती एक ओळ टाइप करायची, मशीन शंभर ओळी बोलायचं.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"काही नाही, एकेक गोष्ट बसवतोय. आधी पान दाखवणारा प्रोग्राम. मग नोंदी साठवायला डेटाबेस. त्यावर कामांच्या यादीचं ॲप्लिकेशन. तुम्हाला फोनवर किंवा त्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर पत्ता टाकला की यादी दिसेल. फक्त वर्कशॉपच्या आत. बाहेरच्याला नाही."

"आणि साहेबांना?"

"साहेबांना दिसणारच ना."

पुढे एक फाइल उघडून तिनं त्यात बरंच भरलं. वर्कशॉपचं नाव, डेटाबेसचा पासवर्ड, कोणाला काय दिसावं ते. पासवर्ड टाइप करताना तिनं खांदा माझ्याकडे फिरवला. मी ते लक्षात ठेवलं. मग तिनं पान उघडून पाहिलं तर कोरं पांढरं. ती पुटपुटली, कपाळ खाजवलं, परत काळ्या पाटीवर गेली.

"काय बिघडलं?"

"ज्या फोल्डरमध्ये त्यानं लिहायचं, तिथं लिहायची परवानगीच दिली नव्हती मी. घरात बोलावलं आणि दाराला कुलूप."

"परवानगी कोणाला दिलीस?"

"प्रोग्रामला."

"आणि तुला?"

ती हसली. "मला सगळ्याचीच असते, बाबा. मी बसवतेय ना."

हे वाक्य ती सहज बोलून गेली. मी ते खिशात ठेवून घरी गेलो आणि रात्रभर त्यावर कुशी बदलल्या. तिला सगळ्याची परवानगी.

दुसऱ्या दिवशी आणखी भर पडली. तिनं चाचणीसाठी दुपारी टाकलेली कामं यादीत पहाटे साडेचारला टाकलेली दिसायला लागली. वकीलनं बरोबर पकडलं. "पहाटे साडेचारला तळघरात कोण होतं?" सून म्हणाली, सर्व्हरचं घड्याळ भलत्याच देशाच्या वेळेवर होतं, विसरले, आणि दोन मिनिटांत तिनं ते सरळ केलं. वकील मला बाजूला घेऊन म्हणाला, "मिस्त्री, ज्याचं घड्याळ खोटं बोलतं त्याची यादी खरं बोलेल?"

बुधवारी तिनं सगळ्यांना टेबलापाशी बोलावून शिकवलं. मी गेलो नाही. वरच्या मोटररूममध्ये ग्रीस भरायचं राहिलंय असं सांगून बारा मजले चढलो आणि तास काढला. घरात मी जिला गाडी मागे घ्यायला शिकवली, तिच्यापुढे पाच जणांत हात जोडून बसू? आणि खरं सांगायचं तर वस्तू चांगली नाही असं एकदा मनानं घेतलं की ती शिकायला कोण जातो.

पण वापरावी तर लागणारच होती. आमच्यात दोघं आहेत, भाऊ नाहीत की नात्याचे नाहीत, पण डबासुद्धा एकत्र खातात, त्यांना जुळे म्हणतात. त्यांच्या खांद्यावरून डोकावून मी पाहून घेतलं. प्रत्येकाचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा. कामापुढे चौकोन. चौकोनावर दाबलं की बरोबरची खूण होते आणि ते काम 'झालेली' नावाच्या दुसऱ्या पानावर जातं. एवढं पाहिलं आणि बाकी माझं मी जुळवलं. मेहुण्यानं खूण केली की मी जाऊन लिफ्ट दोनदा खालीवर नेणार. परत येऊन 'झालेली'चं पान उघडणार, त्याच ओळीच्या चौकोनावर माझी खूण चढवणार. मी पहिल्यांदा तसं केलं तेव्हा ओळ पानावरून लगेच नाहीशी झाली. फळ्यावर आडवी रेघ मारून ओळ पुसायची, अगदी तसंच. मनात म्हटलं, चला, पोरीनं निदान एवढं तरी आपल्या रीतीप्रमाणे केलं.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी मेहुणा माझ्याकडे आला. हातातला फोन त्यानं असा धरला होता जसा काही तो ओला आहे.

"दाजी, बाजारातल्या इमारतीचं दार मी केलं ना?"

"केलंस."

"तुम्ही तपासलंत ना?"

"तपासलं. दोनदा गेलो."

"मग हे राहिलेल्यांत कसं?"

मी पाहिलं. त्याच्या नावावर नऊ कामं उघडी. नऊच्या नऊ मी स्वतः तपासलेली. माझ्या नावाखाली एकही नाही. जुळ्यांची दोन, वकीलची तीन.

"परत खूण कर," मी म्हणालो. "मी लगेच तपासून टाकतो."

त्यानं खुणा केल्या. मी कुठलंही काम न वगळता सगळ्या लिफ्ट परत जाऊन पाहिल्या, येऊन एकेकावर माझी खूण केली, ओळी नाहीशा झाल्या. सकाळी नऊच्या नऊ परत हजर. वर दोन नवीन.

"सुनेला विचारू का?" मेहुणा म्हणाला.

"अजिबात नाही. आपल्याला कळलंय हे तिला कळता कामा नये."

"ती कशाला असं करेल? मला मामा मामा करते."

"साहेबांनी चार वर्कशॉप दाखवलीत तिला. कोणीतरी एक जायला हवा. सावकाश माणूस काढायला सोपा." मी हे बोललो आणि मलाच पटत गेलं.

मग मी डोळ्यांत तेल घालून पाहायला लागलो. सून रोज दुपारी तासभर यायची, सुट्या भागांच्या खोलीत बसायची, लॅपटॉप जोडायची. एकदा मी अचानक आत गेलो तर तिनं झाकण खाली केलं.

"काय बंद केलंस?"

"काही नाही. झालं काम. चला, बरोबर जाऊ घरी?"

"माझं राहिलंय," मी म्हणालो. आणि राहिलेलं म्हणजे मेहुण्याची कामं परत तपासणं. त्या आठवड्यात मी एकेक लिफ्ट तीन तीन वेळा तपासली. त्या इमारतींचे वॉचमन मला विचारायला लागले, की काका, काही मोठा बिघाड आहे का?

एका बुधवारी माझ्या डोळ्यांची तारीख होती. सूनच मला दवाखान्यात घेऊन गेली, डोळ्यांत थेंब घातल्यावर हात धरून बाकावर बसवलं, दिवसभर थांबली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर मेहुण्यानं बुधवारी केलेली, माझ्याऐवजी वकीलनं तपासलेली चारही कामं जागच्या जागी, झालेल्यांत. एकही परत आलं नव्हतं. मी हिशेब मांडला. मी नव्हतो, पण वर्कशॉपमध्ये बाकी सगळे होते. सून नव्हती. सून नाही तर कामं परत येत नाहीत. आणखी काय पुरावा हवा?

हे मी बायकोला सांगितलं.

"तुमच्या डोळ्यांसाठी पोरगी दिवस मोडून बसली, आणि तुम्ही त्यातून हे काढलंत?"

"मग तूच सांग, कामं परत येतात कशी?"

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझा भाऊ खरंच पूर्ण करतो ना गं कामं? की मला वरवरचं दाखवतो, आणि मी गेलो की काहीतरी सुटतं, मग तोच घाबरून परत उघडतो?"

ती कपडे घडी करत होती. हातातला शर्ट तिनं तसाच खाली ठेवला. "तपासता तुम्ही. मला काय विचारता?" आणि उठून गेली.

महिना संपत आला. साहेबांनी आकडे सांगितले. मेहुण्याची तेवीस कामं अडकलेली, त्याच्या खालोखाल वकीलची सहा. "शुक्रवारी पत्र टाइप होईल," साहेब म्हणाले. त्यांना आनंद होत नव्हता हे दिसत होतं, पण यादीमागे उभं राहणं त्यांना सोपं जात होतं. मेहुणा बाकावर बसून गुडघ्यावर बोटांनी टकटक करत राहिला.

मी साहेबांना म्हणालो, "यादी खोटी आहे. कोण कधी काय दाबतं याची नोंद कुठंतरी असेलच. ती सगळ्यांसमोर उघडा. मग पत्र टाइप करा."

साहेबांनी सुनेला फोन केला. माझ्यासमोरच. "नोंद असते का? बरं. उद्या सकाळी सगळ्यांसमोर दाखव."

शुक्रवारी सकाळी मी बूट घालत होतो तेव्हा सून दारात येऊन उभी राहिली. डोळे झोप न झाल्यासारखे.

"बाबा, मी काल नोंद पाहिली. तुमच्याशी बोलायचंय."

"जे असेल ते वर्कशॉपमध्ये बोल."

"घरी बोललं तर बरं होईल."

"कोणासाठी बरं?"

ती दारातून बाजूला झाली. आता सापडलीस, असं मला वाटलं. जिन्यावरून उतरताना माझे पाय कितीतरी महिन्यांत इतके हलके पडले नव्हते.

टेबलाभोवती सगळे जमले. साहेब, वकील आणि त्याचा जोडीदार, जुळे, मेहुणा. सुनेनं लॅपटॉप उघडला आणि परत एकदा माझ्याकडे पाहिलं.

"वाच," मी म्हणालो. "मोठ्यानं."

ती वाचायला लागली. "बाजारातली इमारत, दार. टकटक, काम पूर्ण केलं, चार वाजून दहा मिनिटं. मोठे मिस्त्री, काम परत उघडलं, चार पस्तीस."

मोठे मिस्त्री म्हणजे मी. माझं खातं.

"पुढचं," साहेब म्हणाले.

"शाळेची लिफ्ट, ब्रेक. टकटक, काम पूर्ण केलं, अकरा पाच. मोठे मिस्त्री, काम परत उघडलं, अकरा चाळीस. तेच काम. टकटक, पूर्ण केलं. मोठे मिस्त्री, परत उघडलं."

तिनं आवाज खाली आणला होता, पण तळघरात आवाज कुठं जाणार. एकामागून एक ओळ, तीच दोन नावं.

"हे तू लिहिलंयस," मी म्हणालो. "तुला सगळ्याची परवानगी आहे. तूच म्हणालीस. माझं नाव तू घातलंस."

"मिस्त्री," वकील हळू म्हणाला. महिन्याभरात पहिल्यांदा त्यानं प्रश्न विचारला नाही.

सून रडली नाही, चिडली नाही. तिनं टेबलावरचा कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "बाबा, मामांचं काम तपासल्यावर तुम्ही काय करता, ते करून दाखवा. नेहमी करता तसंच."

मी माझा पासवर्ड टाकला. 'झालेली'चं पान उघडलं. मेहुण्याचं कालचं एक काम होतं, खूण केलेलं. त्या चौकोनावर माझी खूण केली. ओळ नाहीशी झाली.

"बघा," मी म्हणालो. "तपासलं, पुसलं गेलं."

"आता राहिलेल्यांचं पान उघडा."

उघडलं. ती ओळ तिथं होती. सगळ्यात वर. चौकोन रिकामा.

मी ते परत एकदा केलं. मेहुण्याचं दुसरं काम. दाबलं, इकडून गेलं, तिकडे उगवलं. मग माझं स्वतःचं एक काम घेतलं, तेही तसंच. चौकोनात एकच खूण मावत होती. त्यावर दुसऱ्यांदा दाबलं की पहिली निघून जायची. माझी रेघ कुठंच उमटत नव्हती. मी फक्त त्याची पुसत होतो. जितक्या काळजीनं तपासलं तितक्या काळजीनं पुसली. दवाखान्यात होतो तेवढा एक दिवस माझ्या हातून वाचला.

"माझं काम तपासल्यावर तू काय करतोस?" मी मेहुण्याला विचारलं. खरं तर मला माहीत होतं.

"मी? मी तुम्हाला येऊन सांगतो, ठीक आहे दाजी म्हणून. त्या चौकोनाच्या भानगडीत कोण पडणार."

"आणि तुम्ही?" मी जुळ्यांकडे वळलो.

"आम्ही पहिल्याच दिवशी विचारलं," एक म्हणाला. "दुसरी रेघ कुठं मारायची," दुसरा म्हणाला. "ती म्हणाली, एकच पुरे, तपासून झाल्यावरच दाबा."

सून म्हणाली, "चूक माझीही आहे. फळा मी पाहिला होता. दोन रेघा पाहिल्या होत्या. मला वाटलं, सवयीनं काहीतरी नक्षी काढताय. मी विचारायला हवं होतं. जुळ्यांनी विचारलं तेव्हा तरी कळायला हवं होतं. आणि कामं परत येतात हे मला कोणी सांगितलंच नाही. परवा साहेबांनी आकडे मागितले तेव्हा पहिल्यांदा दिसलं."

कोणी सांगितलं नाही, कारण सांगू नकोस असं मी बजावलं होतं. मेहुण्यानं ते तिथं बोलून दाखवलं नाही.

साहेब डोकं धरून बसले. "पत्राचा मसुदा सकाळीच वर गेला. आता नुसतं तोंडी सांगून भागणार नाही. लेखी हवं. आज दुपारच्या आत."

"देतो," मी म्हणालो.

कागद घेऊन सुट्या भागांच्या खोलीत जाऊन बसलो. सर्व्हर मधल्या फडताळावर घुमत होता. मला लिहायला वेळ लागतो. लिहिलं ते असं: माझ्या जोडीदाराची तेवीस कामं वेळेवर पूर्ण झाली होती. प्रत्येक काम मी स्वतः तपासलं होतं. यादी कशी वापरायची ते शिकायला मी गेलो नाही, आणि पूर्ण झालेली कामं माझ्याच हातून परत उघडली गेली. यात त्याचा दोष नाही आणि यादी बसवणाऱ्या बाईंचाही नाही. कोणी कमी करायचा असेल तर या तेवीस कामांचा दोष माझ्या नावावर धरावा.

शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबला होता. निवृत्तीला माझी दोनच वर्षं राहिली होती. पण ते वाक्य नसतं तर बाकीच्याला वजन आलं नसतं.

मेहुणा दारात आला. मी कागद त्याच्याकडे दिला. त्यानं सगळा वाचला, परत वाचला.

"शेवटचं काढा."

"राहू दे."

"बरं, राहू दे." त्यानं कागदाची घडी केली. "दाजी, सुनेवर संशय घेतलात ते मी समजू शकतो. नवी आहे, तिचं मशीन आहे. माझ्यावर घेतला होतात?"

"तुला कोणी सांगितलं?"

"ताई माझी बहीण आहे. घेतला होतात की नाही, एवढं सांगा."

"घेतला होता."

"किती दिवस?"

"एक दिवस," मी म्हणालो. मग म्हणालो, "चार."

"सव्वीस वर्षं माझी प्रत्येक लिफ्ट तुम्ही तपासलीत. कधी परत आली?"

"नाही."

त्यानं मान हलवली, कागद मला परत दिला नाही, स्वतःच साहेबांकडे नेऊन दिला.

सुनेनं त्या दुपारीच यादीत बदल केला. 'केले' वेगळं, 'तपासले' वेगळं, आणि 'तपासले'वर फक्त जोडीदारालाच दाबता येतं. ते कसं वापरायचं हे ती सगळ्यांना दाखवत होती तेव्हा मी पहिल्या रांगेत उभा होतो. तिनं मला दोनदा करून दाखवायला लावलं, जुळ्यांसमोर. मी केलं. घरी जाताना मी म्हणालो, "तू लॅपटॉप बंद केलास ना त्या दिवशी, मला वाटलं..." ती म्हणाली, "मला माहीत आहे काय वाटलं. भूक लागली होती मला, बाबा." मग तिनंच विषय बदलला.

वरच्या ऑफिसचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. मेहुणा राहिला. मीही राहिलो. एक माणूस कमी करायचाच होता, तो त्यांनी दुसऱ्या वर्कशॉपमधला केला. तिथं अजून फळा होता. कोण गेला ते आम्ही कोणीच विचारलं नाही, आणि ते विचारायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

मेहुण्यानं साहेबांना सांगून जोडी बदलून घेतली. आता तो वकीलबरोबर आहे. रविवारी तो नेहमीसारखा आमच्याकडे जेवायला यायचा, पण माझ्याशी बोलणं बहिणीमार्फत. "ताई, दाजींना सांग मीठ इकडे द्या." मीठ माझ्या हाताशी, तो माझ्या समोर. "ताई, दाजींना विचार, गुडघा कसा आहे." मी बायकोकडे पाहून सांगायचो, बरा आहे. ती मधे बसून वैतागायची. "मला टपालखातं केलंत तुम्ही दोघांनी," असं म्हणायची. सून खाली मान घालून हसायची.

सातव्या की आठव्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची सुट्टी. तळघरातल्या बाकावर मी डबा उघडून एकटाच बसलो होतो. मेहुणा त्याचा डबा घेऊन आला. वकीलच्या शेजारी जागा होती. तिथं तो गेला नाही. माझ्यासमोर उभा राहिला, इकडेतिकडे पाहिलं. तळघरात बहीण नव्हती.

"दाजी, सरका जरा."

आता हा का आला, याच्या मनात काय आहे, असला काही विचार न करता मी सरकलो.